फॉल्ट टॉलरंट मिनी की साधा मिनी: जुनं यंत्र ओळखणं, तपासणं आणि सुरू करणं

मायक्रोव्हॅक्स ३९०० हा साधा मिनी, म्हणजे मिनीकॉम्प्युटर, आणि व्हॅक्सएफटी ३१० हा फॉल्ट टॉलरंट, म्हणजे एखादा भाग बिघडला तरी न थांबणारा. ही दोन्ही यंत्रं डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनची, म्हणजे डेकची. दोन्हींचा वेग ३.८ व्हीयूपी, म्हणजे १९७७ च्या व्हॅक्स-११/७८० च्या ३.८ पट. दोन्हींवर व्हीएमएस हीच डेकची ऑपरेटिंग सिस्टिम चालते. पण व्हॅक्सएफटीमध्ये सीपीयू, मेमरी, पॉवर सप्लाय आणि डिस्क यांचे दोन पूर्ण संच असतात, आणि एवढं असूनही वेग एकाच संचाचा मिळतो. दुसरा संच पहिल्याने केलेलं प्रत्येक काम त्याच क्षणी स्वतःही करतो, म्हणजे एक बंद पडला तर काम तुटत नाही.

जुनी यंत्रं जपायला नव्याने सुरुवात करणारे नेमके इथे अडखळतात. साधा मिनी बिघडला की बंद पडतो, त्यामुळे बिघाड लगेच कळतो. फॉल्ट टॉलरंट यंत्राचा अर्धा भाग मेला तरी टर्मिनलवर बसलेल्याला काहीच कळत नाही, कारण ते यंत्र त्याचसाठी बनवलेलं आहे. त्यामुळे ‘चालतंय’ हे ऐकून किंवा बघून घेतलेलं यंत्र अर्धं असू शकतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या दोन्ही अर्धे वेगवेगळे सिद्ध करून घेण्यासाठी आहेत.

पायरी १: यंत्राची जात ओळखा

‘फॉल्ट टॉलरंट’ या एका नावाखाली निदान तीन वेगळ्या रचना येतात. त्यांची तपासणी वेगळी आणि सुटे भागही वेगळे, म्हणून आधी हे ठरवा.

*लॉकस्टेप.* दोन संच एकाच घड्याळावर तीच सूचना एकाच वेळी चालवतात आणि निकाल हार्डवेअर ताडून पाहतं. व्हॅक्सएफटी या जातीचा आहे: एकेका संचाला झोन म्हणतात, झोन ए आणि झोन बी, आणि मधे दोन्हींना जोडणारी क्रॉसलिंक केबल. स्ट्रॅटस या कंपनीची यंत्रंही याच जातीची. तिथे प्रत्येक सीपीयू बोर्डावरच दोन प्रोसेसर एकमेकांवर लक्ष ठेवतात. दोघांचं जमलं नाही की तो बोर्ड स्वतःहून बाजूला होतो आणि जोडीदार बोर्ड काम चालू ठेवतो. म्हणजे एका प्रोसेसरच्या कामाला चार प्रोसेसर लागतात. वर चालणाऱ्या प्रोग्रॅमला यातलं काहीही माहीत असावं लागत नाही.

*प्रोसेस पेअर.* ही टॅन्डम कंपनीच्या नॉनस्टॉप यंत्रांची पद्धत. पहिलं यंत्र १९७६ साली ग्राहकाकडे गेलं. त्यात २ ते १६ प्रोसेसर, प्रत्येकाची मेमरी स्वतंत्र, आणि सगळ्यांना जोडणारी डायनाबस नावाची दुहेरी बस. प्रत्येक प्रोसेसर दर सेकंदाला ‘मी जिवंत आहे’ असा निरोप पाठवतो. निरोप थांबले की बाकीचे त्याला मेला असं धरतात आणि त्याच्यावरच्या कामाची दुसऱ्या प्रोसेसरवर थांबलेली जोडीदार प्रोसेस पुढे येते. ही जोडीदार प्रोसेस मात्र सॉफ्टवेअरने तयार करावी लागते. साधेपणाने लिहिलेला प्रोग्रॅम टॅन्डमवर असला तरी आपल्या प्रोसेसरबरोबरच मरतो.

*मतदान.* टॅन्डमच्याच १९९० च्या इंटेग्रिटी एस२ मध्ये तीन मिप्स प्रोसेसर तेच काम करतात आणि दोघांचं उत्तर जुळेल ते खरं धरलं जातं. त्यावर युनिक्स चालते, नॉनस्टॉपची गार्डियन ही ऑपरेटिंग सिस्टिम नव्हे. नाव टॅन्डम दिसलं म्हणून नॉनस्टॉपचे टेप गोळा करत बसू नका.

आता फसवणाऱ्या पाट्या.

व्हॅक्स-११/७८२ मध्ये दोन प्रोसेसर आहेत, पण ते वेगासाठी. सगळं इनपुट-आउटपुट पहिला प्रोसेसरच करतो, तो गेला की यंत्र गेलं. हे साधं यंत्र आहे.

व्हॅक्सक्लस्टर म्हणजे अनेक साधी व्हॅक्स यंत्रं, सामायिक डिस्कसह. एक यंत्र पडलं की त्यावरच्या प्रोसेस पडतात, माणसं दुसऱ्या यंत्रावर पुन्हा लॉगिन करतात. सेवा लवकर परत येते, पण मधे तुटते. याला फॉल्ट टॉलरंट म्हणू नये.

व्हॅक्सएफटी ६१२ म्हणजे दोन ६१० यंत्रांचा क्लस्टर. प्रत्येकात दोन झोन, एकूण चार. ‘दोन कॅबिनेट आहेत, पूर्ण आहे’ असं समजून फक्त दोन झोन घेतले तर तुमच्याकडे एक ६१० आला.

आयबीएम सिस्टिम/८८ हे आयबीएमच्या पाटीखालचं स्ट्रॅटस आहे. सिस्टिम/३६ किंवा सिस्टिम/३८ यांच्याशी त्याचं नात्याचं काही नाही, त्यांचे भाग आणि सॉफ्टवेअर इथे चालत नाहीत.

पायरी २: बोर्ड मोजा, तेही जोड्यांनी

यंत्र उचलण्याआधी मागची-पुढची दारं उघडून प्रत्येक स्लॉटमधल्या बोर्डाचा क्रमांक आणि रिव्हिजन, म्हणजे त्या बोर्डाची आवृत्ती, कागदावर लिहा. प्रत्येक स्लॉटचा, प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांचा फोटो काढा. केबलला चिकटपट्टी लावून दोन्ही टोकांवर तोच आकडा टाका.

मग जोड्या लावा. लॉकस्टेप यंत्रात दोन्ही बाजू हार्डवेअरने सारख्या असाव्याच लागतात. एका झोनमध्ये जास्त मेमरी आणि दुसऱ्यात कमी असेल तर ‘जास्त आहे ना’ म्हणून खूश होऊ नका. त्या दोन बाजू जुळणार नाहीत. रिव्हिजनचंही तेच. साध्या मायक्रोव्हॅक्समध्ये थोड्या जुन्या रिव्हिजनचा मेमरी बोर्ड बहुधा चालून जातो. लॉकस्टेपमध्ये दोन बोर्डांच्या वेळेत किंवा मायक्रोकोडमध्ये जरा फरक पडला तरी ताडणी फसते आणि एक बाजू बाहेर काढली जाते. सुटा भाग घेताना तोच क्रमांक, तीच रिव्हिजन मागा. शक्य असेल तर जोडीनेच घ्या.

हरवलेल्या वस्तूंत पहिला नंबर क्रॉसलिंक केबलचा. यंत्र हलवताना ती काढली जाते आणि ‘कसली तरी केबल’ म्हणून टाकून दिली जाते. ती नसेल तर तुमच्याकडे दोन साधी व्हॅक्स यंत्रं आहेत.

टॅन्डममध्ये मोजणी वेगळी. तिथे प्रत्येक कंट्रोलर दोन प्रोसेसरांना जोडलेला असतो आणि डिस्क जोडीने असतात. प्रोसेसर किती हे बघून थांबू नका. प्रत्येक डिस्कपर्यंत दोन स्वतंत्र वाटा पोहोचतात का, हे केबल हाताने धरून शेवटपर्यंत तपासा.

पायरी ३: कागद, सॉफ्टवेअर, हत्यारं

यंत्राबरोबर हे मागून घ्या, नंतर मिळवणं फार कठीण:

- सिस्टिमची इन्स्टॉलेशन टेप आणि त्याच आवृत्तीचे लेअर्ड प्रॉडक्टचे, म्हणजे सिस्टिमवर वेगळ्याने बसवायच्या सॉफ्टवेअरचे, टेप. व्हॅक्सएफटीला व्हीएमएस ५.४ किंवा नंतरची आवृत्ती लागते, आणि तिच्यावर ‘व्हॅक्सएफटी सिस्टिम सर्व्हिसेस’ व ‘व्हॉल्यूम शॅडोइंग’ (एकच मजकूर दोन डिस्कवर ठेवणारं, या जोडीला शॅडो सेट म्हणतात) ही दोन वेगळी उत्पादनं. ही दोन नसतील तर झोनची जोडी आणि डिस्कची जोडी दोन्ही कागदावरच राहतात.
- प्रत्येक उत्पादनाचा लायसन्सचा कागद. व्हीएमएसचं लायसन्स आहे म्हणून शॅडोइंगचं आपोआप मिळत नाही.
- सर्व्हिस मॅन्युअल, जुनी लॉगबुक, बोर्ड बदलल्याच्या नोंदी. कोणती बाजू वारंवार आजारी पडत होती हे लॉगबुकमध्येच सापडतं.
- कॅबिनेटच्या किल्ल्या.

हत्यारांत मल्टिमीटर, ऑसिलोस्कोप, अँटिस्टॅटिक मनगटपट्टा, पॉवर सप्लायवर टाकायला भाराचे रेझिस्टर, सिरियल पोर्ट असलेला संगणक. डेकच्या कन्सोलला एमएमजे जोड लागतो. दिसायला तो टेलिफोनच्या जोडासारखा, पण खटका मध्यभागी नसून एका कडेला सरकलेला. त्यासाठी बीसी१६ई केबल आणि संगणकाच्या ९ पिन पोर्टसाठी एच८५७१-जे अडॅप्टर घ्या. टर्मिनल प्रोग्रॅम ९६०० बॉड, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट यावर ठेवा.

हात बसवण्यासाठी यंत्र यायच्या आधीच सिमएच हा एमुलेटर घ्या. त्याचा मूळ व्हॅक्स सिम्युलेटर मायक्रोव्हॅक्स ३९०० चंच रूप धरतो. व्हीएमएस बसवणं, बॅकअप घेणं, कन्सोलच्या आज्ञा, हे सगळं तिथे चुका करत शिकता येतं. दोन झोनचा भाग त्यात नाही. पण झोनच्या कामाला हात घालेपर्यंत बाकीच्यात चूक होणार नाही, एवढी तयारी त्यावर नक्की होते.

पायरी ४: वीज

सर्वांत आधी बॅटऱ्या. साध्या मायक्रोव्हॅक्समध्ये कन्सोल पॅनेलच्या मागे घड्याळ जपणारी एक छोटी रिचार्जेबल बॅटरी असते. ती गळली की शेजारचे ट्रेस खाते. फॉल्ट टॉलरंट यंत्रांत बॅटऱ्या खूप मोठ्या असतात, कारण वीज गेली तरी मेमरी किंवा सगळं यंत्रच काही काळ तगवायचं असतं. इतक्या वर्षांनी त्या फुगलेल्या किंवा गळलेल्या असणारच असं धरा. हातमोजे आणि चष्मा घालून त्या बाहेर काढा, तारांची टोकं वेगवेगळी गुंडाळा, मगच पुढे जा. इथे आणखी एक धोका आहे: मुख्य वीज काढली म्हणजे कॅबिनेट मेलं असं या यंत्रांत होत नाही. बॅटरी जोडलेली असेल तर आत व्होल्टेज जिवंत असतं.

मग हवेच्या वाटेतला फोम बघा. जुना फोम बोट लावताच चुरा होतो आणि पंखा तो चुरा थेट बोर्डांवर फेकतो. तो आधी काढून व्हॅक्यूमने साफ करा.

पॉवर सप्लाय बोर्डांपासून सोडवून वेगळा तपासा. स्विचिंग सप्लाय भाराशिवाय नीट चालत नाही, त्यामुळे ५ व्होल्टच्या फाट्यावर, म्हणजे त्या आउटपुटवर, निदान १ ओहम, ५० वॉटचा रेझिस्टर टाका. त्यातून ५ अँपिअर जातात आणि २५ वॉट उष्णता निघते. तो धातूच्या पत्र्यावर ठेवा, लाकडावर नको. व्होल्टेज ४.७५ ते ५.२५ च्या आत हवं आणि स्कोपवर दिसणारी लहर ५० मिलिव्होल्टच्या आसपास किंवा कमी. त्याहून मोठी लहर दिसली की कपॅसिटर बदला. व्हेरिअॅकने, म्हणजे व्होल्टेज कमीजास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने, हळूहळू व्होल्टेज वाढवायची पद्धत जुन्या लिनिअर सप्लायसाठी ठीक आहे. स्विचिंग सप्लायला कमी व्होल्टेज दिलं की तो तेवढीच शक्ती मिळवायला जास्त करंट ओढतो आणि त्यात जळतो.

फॉल्ट टॉलरंट यंत्रात हे सगळं दोनदा. दोन्ही सप्लाय तपासून झाल्यावर त्यांना दोन वेगळ्या ब्रेकरवर जोडा, नाहीतर एक ब्रेकर उडाला की दोन्ही बाजू एकदम जातात. पण अर्थिंग मात्र एकच हवं. दोन वेगळ्या अर्थिंगवर ठेवलेले झोन क्रॉसलिंकने जोडले तर अर्थिंगमधला फरक त्या केबलमधून वाहतो.

पायरी ५: एकेक बाजू एकटी उभी करा

ही पायरी टाळायचा मोह सगळ्यांत जास्त होतो, आणि सगळा घोळही इथेच होतो. दोन्ही बाजू एकदम सुरू केल्या आणि यंत्र उठलं, तर कोणती बाजू उठली हे तुम्हाला माहीत नसतं.

*डिस्क आधी वाचवा.* जोडीतल्या दोन डिस्क सारख्याच असतील असं धरू नका. शेवटच्या दिवसांत एक बाहेर पडलेली असू शकते, म्हणजे तिच्यावर महिन्यांचा जुना मजकूर असतो. शॅडो सेटमध्ये डिस्क नव्याने घालताना तिच्यावर दुसरीची पूर्ण नक्कल उतरते. चुकीची डिस्क मूळ म्हणून दिलीत तर जुना मजकूर नव्यावर चढतो आणि नवा कायमचा जातो. टॅन्डमवर याच कामाला रिव्हाइव्ह म्हणतात आणि धोका अगदी तोच. म्हणून प्रत्येक डिस्क एकटी, फक्त वाचण्यापुरती माउंट करा, नव्यात नव्या फाइलची तारीख बघा, दोन्हींचा इमेज बॅकअप घ्या. व्हॅक्सएफटीच्या आरएफ मालिकेच्या डिस्क डीएसएसआय या डेकच्या स्वतःच्या डिस्क बसवर आहेत. केबल स्कझीसारखी दिसते पण ती स्कझी नाही, स्कझी कार्डाला लावू नका. बॅकअप यंत्राकडूनच, स्टँडअलोन बॅकअपने (पूर्ण व्हीएमएस सुरू न करता चालणाऱ्या बॅकअप प्रोग्रॅमने) घ्यावा लागतो. टेप टीके७० या टेप ड्राइव्हवर लिहिलीत तर ती टीके५० मध्ये वाचता येणार नाही. उलट टीके५० ची टेप टीके७० वाचतो.

*साधं यंत्र कसं उठतं हे नीट बघून ठेवा,* म्हणजे फरक ओळखता येईल. मायक्रोव्हॅक्स ३९०० ला वीज दिली की कन्सोलवर चाचण्यांची उलटी मोजणी सुरू होते: ४०, ३९, ३८ करत ०३ पर्यंत, आणि मग >>> ही खूण येते. मोजणी मधेच थांबली तर तो आकडा लिहून घ्या, कोणती चाचणी अडली ते मॅन्युअलमधून कळतं. कन्सोल पूर्ण गप्प असेल तर बोर्ड मेला असं ठरवण्याआधी कन्सोल पॅनेलवरचा बॉडचा (सिरियल वेगाचा) गोल स्विच बघा. नंतर शो मेमरी आणि शो डिव्हाइस या आज्ञा द्या. मेमरी पूर्ण दिसली, डिस्क दिसल्या, की बूट करा. साध्या यंत्राचं काम इथे संपलं.

*व्हॅक्सएफटीमध्ये* प्रत्येक झोन हा स्वतंत्र, पूर्ण संगणक आहे. क्रॉसलिंक काढून झोन ए सुरू करा, बूट करा, तासभर चालवा, एरर लॉग काढा. मग तो बंद करून झोन बी वर तेच सगळं पुन्हा करा. दोन्ही लॉग शेजारी ठेवून बघा. एका बाजूला दुरुस्त होणाऱ्या मेमरी चुका साचत असतील तर ती बाजू आत्ताच दुरुस्त करा. जोडल्यावर त्या चुका शोधणं फार अवघड होतं.

*स्ट्रॅटसवर* जोडीतला एकेक बोर्ड आळीपाळीने ठेवून यंत्र उठवा. बिघडलेल्या बोर्डावर लाल दिवा लागतो, पण दिवा लागला नाही म्हणून बोर्ड चांगला असं मानू नका.

*टॅन्डमवर* एका प्रोसेसरचं कोल्ड लोड करा, म्हणजे बंद यंत्रात त्याच्यावर सिस्टिम नव्याने चढवा, मग त्या चालू प्रोसेसरच्या मदतीने बाकीचे एकेक रीलोड करा. पुढच्या खेपेला कोल्ड लोड दुसऱ्या प्रोसेसरपासून करा. ज्या प्रोसेसरवरून कधीच कोल्ड लोड झालं नाही, तो खात्रीचा धरू नका.

पायरी ६: जोडा

दोन्ही बाजू एकट्या नीट चालल्या की सगळी वीज बंद करून क्रॉसलिंक लावा. एकच झोन बूट करा. तो स्थिर झाल्यावर दुसऱ्याला वीज द्या. त्याच्या चाचण्या संपल्या की पहिल्याची स्थिती दुसऱ्यावर उतरते आणि दोघे एका घड्याळावर येतात. झोन पुन्हापुन्हा जुळून पुन्हापुन्हा बाहेर पडत असेल तर क्रमाने बघा: क्रॉसलिंकची टोकं आणि पिना, बोर्डांच्या रिव्हिजन, मेमरीचा आकार, मग ५ व्होल्टचा फाटा. बोर्ड बदलायला सगळ्यात शेवटी हात घाला.

डिस्कची जोडी झोन जुळल्यावरच बांधा, आणि नक्कल पूर्ण होईपर्यंत यंत्राला हात लावू नका. नक्कल चालू असताना डेटाची पूर्ण प्रत एकच असते.

पायरी ७: मुद्दाम बिघाड करून बघा

एक चालणारा प्रोग्रॅम लावा, जो दर सेकंदाला एक आकडा फाइलमध्ये आणि पडद्यावर लिहितो. मग आज्ञा देऊन एक झोन बाहेर काढा. आकडे न चुकता पुढे गेले पाहिजेत. झोन परत घ्या, पूर्ण जुळू द्या, आणि आता दुसरा झोन काढा. दोन्ही बाजूंनी आकड्यांत खंड पडला नाही तर जोडी खरी. वीज तोडून करायची चाचणी यानंतर. क्रॉसलिंक चालू यंत्रातून उपटून बघणं ही चाचणी नव्हे, त्यात दोन्ही बाजू बिघडू शकतात.

टॅन्डमवर हाच प्रयोग दोन प्रोग्रॅम घेऊन करा, एक प्रोसेस पेअर असलेला आणि एक साधा. प्रोसेसर थांबवला की साधा तिथेच संपतो, जोडीचा पुढे जातो.

चालू यंत्रातून बोर्ड ओढायचा की नाही, याबद्दल हाताला चुकीची सवय लावू नका. स्ट्रॅटस त्यासाठीच बनवलेलं आहे, तिथे वीज चालू असताना बोर्ड बदलता येतो. मायक्रोव्हॅक्सच्या क्यू-बसमध्ये, म्हणजे त्याचे बोर्ड जोडणाऱ्या बसमध्ये, तेच केलं तर बोर्ड आणि बस दोन्ही जातात. व्हॅक्सएफटीमध्ये आधी झोन बाहेर काढा, त्याची वीज बंद करा, मग बोर्ड.

पायरी ८: कोणतं यंत्र कशाला ठेवायचं

जुना प्रोग्रॅम चालवायचा आहे, टेप वाचायच्या आहेत, व्हीएमएस शिकायची आहे, तर साधा मिनी घ्या. भाग निम्मे, उष्णता निम्मी, सुटे भाग मिळण्याची शक्यता कितीतरी जास्त. फॉल्ट टॉलरंट यंत्र घ्यायचं ते त्याची रचना जपायला आणि दाखवायला, आणि तेव्हा दोन्ही बाजू जिवंत ठेवायची तयारी हवी. एकच बाजू उरलेला व्हॅक्सएफटी सरळ साधा व्हॅक्स म्हणून चालवावा आणि पाटीवर तसं लिहावं.

‘फॉल्ट टॉलरंट आहे, बॅकअप कशाला’ हा विचार मनातून काढून टाका. टॅन्डममध्ये काम करताना जिम ग्रे यांनी १९८५ साली ग्राहकांकडची यंत्रं कशाने थांबली याची मोजणी मांडली. त्यात ४२ टक्के वेळा कारण होतं यंत्र चालवणं आणि सांभाळणं, २५ टक्के सॉफ्टवेअर, हार्डवेअर फक्त १८ टक्के. लॉकस्टेपमध्ये चुकीची डिलीट आज्ञा दोन्ही झोन एकाच क्षणी, अगदी बिनचूक पाळतात, आणि शॅडो सेटमधून फाइल दोन्ही डिस्कवरून जाते.

सुरू झाल्यावर दर वेळी बूट करताना तीन नोंदी लॉगबुकमध्ये करा: कोणत्या बाजूने बूट केलं, दुसरी बाजू जुळायला किती वेळ लागला, एरर लॉगमध्ये कोणत्या बोर्डाचं नाव आलं. बूटची बाजू दर वेळी बदला. जुळायला लागणारा वेळ आधीपेक्षा वाढू लागला तर ती बाजू काढून पायरी ५ पासून पुन्हा तपासा.